दुसऱ्या नळीचं वरचं टोक

युगांडातल्या एंटेबेच्या सरकारी शेडमध्ये अराली नावाचा म्हातारा दगड सांभाळतो. हसू नका, दगडच सांभाळतो. तेलासाठी विहीर खोदताना दीड-दोन किलोमीटर खालून खडकाचा दंडाएवढा जाड दांडा कापून वर काढतात. त्याचे मीटर-मीटरचे तुकडे लाकडी खोक्यांत घालून तिथे रचून ठेवलेले असतात. अराली एकोणीस वर्षं ते पुसतोय, झाकतोय, उंदरांपासून राखतोय. उंदीर दगड खात नाहीत हे त्यालाही कळतं. पण खोक्यावरची चिठ्ठी खातात, आणि चिठ्ठी गेली की आत उरतो तो रस्त्यावरचा दगड.

अराली हे काही त्याचं कागदावरचं नाव नव्हे. कागदावर तो तिबेंदेराना. पण आम्हा बुन्योरोच्या माणसांत वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे तोंडावर अपमान करणं. प्रत्येकाला एक मायेचं नाव असतं आणि आपली माणसं तेच घेतात. म्हणून तो अराली, आणि सरकारी तेल कंपनीतली भूगर्भतज्ज्ञ रोसेट कबोनेसा त्याच्यासाठी अकीकी.

त्या मंगळवारी सकाळी अकीकी आली ती करवादतच.

"एवढ्या सकाळी? चहा घेतलास का?" अरालीने विचारलं.

"कसला चहा! साहेबांना फोटो हवेत. कयेराच्या खडकाचे. गुरुवारी मयत आहे, त्याआधी शेवटचा फोटो."

"म्हणजे सोडणार कयेरा?"

"सोडल्यातच जमा आहे."

कयेरा ही आमच्या अल्बर्ट सरोवराच्या काठची विहीर, आणि तिचे मालक तीन. लंडनवाल्यांचे पन्नास टक्के, मलेशियावाल्यांचे पस्तीस, सरकारी कंपनीचे पंधरा. काम लंडनवाल्यांनी करायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, अशी ती भागीदारी. दोन वर्षांपूर्वी पहिली विहीर झाली. तेलाचा वास आला, खडकावर डागही दिसले, पण थर निघाला पातळ. लंडनवाल्यांनी अहवाल लिहिला की ही जुन्या सरोवराच्या काठावरची वाळू आहे, इथेच संपते, पुढे काही नाही. आता महिनाअखेर परवाना संपत होता. एक तर दुसरी विहीर खोदायचं कबूल करायचं, नाहीतर सगळी जमीन सरकारला परत करून चालू लागायचं. करारात पासष्ट टक्के मतांना निर्णय पक्का होत होता. लंडनवाल्यांना जायचंच होतं. त्यांचे पन्नास आणि सरकारी पंधरा, झाले पासष्ट. मग मलेशियावाल्यांनी डोकं आपटलं तरी उपयोग नव्हता.

आणि सरकारी पंधरा कुठे जाणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. कबोनेसाचे साहेब, रुयोंगा, अकरा बैठकांना गेले होते आणि अकराही बैठकांत एकच वाक्य बोलले होते, "ऑपरेटरच्या मताशी आम्ही सहमत आहोत." ऑपरेटर म्हणजे लंडनवाले. माणूस वाईट नव्हता हो. फक्त खुर्ची जपणारा होता, आणि खुर्ची जपणाऱ्याची मान फार लवकर डोलते.

कबोनेसाचा जीव मात्र कयेरात गुंतला होता. तिची आई तिथून तासाभराच्या वाटेवर, मासेमारांच्या वस्तीत राहते. वस्तीच्या डोक्यावर सरळसोट कडा. कंपनीने कड्यावरून खाली येणारा रस्ता अर्ध्यावर आणून सोडला होता. दुसरी विहीर ठरली तर तो काठापर्यंत येणार होता. गेल्या वर्षी कबोनेसाच्या वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा चौघांनी तिला खुर्चीत बसवून तो कडा चढवला. वहिनी वाचली. बाळ गेलं.

अरालीने खोकी लांब टेबलावर ओळीने मांडली आणि ओला स्पंज फिरवायला सुरुवात केली. कोरडा खडक मुका असतो. ओला झाला की बोलायला लागतो, रंग दिसतात, थर दिसतात. कबोनेसा एकेका खोक्याचा फोटो घेत सरकत होती. अठराव्या खोक्यापाशी ती थांबली.

तिथे काळ्या चिखलाचा एक थर होता आणि त्यात वाळूने बुजलेली एक भेग. सरोवराचं पाणी मागे हटलं की काठचा चिखल उन्हाने कसा तडकतो, ते कबोनेसा रांगत होती तेव्हापासून बघत आली होती. भेग वर रुंद असते आणि खाली निमुळती होत जाते. ही भेग मात्र खाली रुंद आणि वर टोकदार होती. म्हणजे ऊन काय जमिनीखालून पडलं होतं?

"अराली, हे खोकं उलटं ठेवलंत का?"

"माझ्या शेडमध्ये?" म्हातारा स्पंज टाकून उभा राहिला. "डोळे उघडून चिठ्ठी बघ. रेघा बघ. लाल उजवीकडे, काळी डावीकडे. जशी आली तशीच ठेवलीय."

त्या रेघा म्हणजे या धंद्याची गीता, बायबल, काय म्हणाल ते. खडकाच्या दांड्याला ना डोकं असतं ना पाय. एकदा तुकडे झाले की वर कुठलं नि खाली कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून विहिरीतून वर काढलेल्या नऊ मीटर लांब नळीतून दांडा बाहेर येतो तेव्हाच वरच्या टोकाकडे तोंड करून उभं राहायचं आणि त्यावर दोन रेघा ओढायच्या. उजवीकडे लाल, डावीकडे काळी. मग पुढे सात पिढ्या तो तुकडा हातात घेतला तरी वर-खाली चुकत नाही. रेघ ओढणारा चुकला नसेल तर.

"मग ही भेग अशी कशी?"

"ती भेग मी दोन वर्षं बघतोय," अराली म्हणाला. "ही एकटीच नाही. दहापासून अठरापर्यंत सगळी खोकी अशीच आहेत. पालथी."

"दोन वर्षं! मग बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं? माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलंय, नमुन्यांबाबत मत देऊ नये. एकदा दिलं होतं. एक डॉक्टरसाहेब म्हणाले, तुझं शिक्षण किती? तेव्हापासून कानाला खडा लावलाय."

दहा ते अठरा. नऊ खोकी, नऊ मीटर, म्हणजे बरोबर एक नळी. पहिली नळी नव्हे, तिसरीही नव्हे, दुसरी. दुसऱ्या नळीवर रेघा ओढणारी कबोनेसाच होती.

तेव्हा ती लंडनवाल्यांकडे नोकरीला होती, लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. तिने लॅपटॉप उघडून त्या दिवसाचे फोटो काढले. पहिली नळी खाली उतरवली तेव्हा वरचं टोक कड्याकडे होतं. दुसऱ्या वेळी पाण्याचा टँकर मधेच उभा, म्हणून क्रेनवाल्याने नळी उलट्या बाजूने वळवून ठेवली. वरचं टोक गेलं सरोवराकडे. टोकावरची रंगाची खूण चिखलाने माखलेली. आणि ही बाई सवयीने कड्याकडे तोंड करून उभी राहिली आणि ओढल्या रेघा. फोटोत टँकर दिसत होता, तिची सावली दिसत होती, हातातला लाल खडूसुद्धा दिसत होता. टोकावरचा चिखल नुसता बोटाने पुसला असता तरी कळलं असतं.

पुढे विहिरीत यंत्रं सोडून मोजणी केली ती खडकाशी जुळेना. लंडनच्या ऑफिसाने ठरवलं की विहिरीच्या भिंती ढासळल्या असतील, त्यामुळे मोजणी बिघडली. मोठ्या ऑफिसांचं हे असंच असतं बघा. समोर चूक उभी असली तरी आधी तिला बसायला खुर्ची देतात.

कबोनेसाने कागदावर नऊ खोक्यांचा क्रम उलटा करून मांडला. पालथ्या खडकात खाली बारीक वाळू आणि वर भरड दिसत होती, तसं सरोवराच्या काठाला होतं. सरळ केल्यावर तळाला गोटे, त्यावर भरड वाळू, त्यावर बारीक, आणि सगळ्यात वर तडकलेला चिखल. हा काठ नव्हताच. ही नदी होती. आणि नदी काही एका जागी संपत नाही. ती कुठून तरी येते, कुठे तरी जाते, आणि तिची जाड वाळू पहिल्या विहिरीपासून थोडी बाजूला असू शकते. तेल असेलच असं नाही. पण "पुढे काही नाही" हे वाक्य साफ खोटं होतं, आणि ते तिच्या खडूने लिहिलं गेलं होतं.

"आता?" अरालीने विचारलं.

"दोन वर्षं कोणाला कळलं नाही."

"पुढेही कळणार नाही. शुक्रवारी या खोक्यांना कुलूप लागेल. मी तर काय, मत देत नाही."

म्हाताऱ्याने हे चिडवायला म्हटलं की धीर द्यायला, ते तिला कळलं नाही. ती फोटो घेऊन निघून गेली.

बुधवारी तिने रुयोंगासाहेबांना गाठलं. साहेब शेंगदाण्याच्या रश्श्याबरोबर नाचणीचा उकडलेला गोळा खात होते. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेबांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे अकरा बैठका मी पालथ्या दगडावर मान डोलावली?"

"हो, साहेब."

"आणि हे मी उद्या त्यांच्यासमोर सांगू? माझीच भूगर्भतज्ज्ञ, तिला वर-खाली कळत नाही? ते म्हणतील, असल्यांना पंधरा टक्के दिलेच कशाला!"

"पण साहेब, नदी आहे. दुसरी विहीर खोदायलाच हवी."

साहेबांनी हात धुतले, सावकाश पुसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ. नदी आहे ना? मग सांगू या. पण खोकी शेडमध्ये उलटसुलट झाली असं सांग. तो म्हातारा तिबेंदेराना डिसेंबरात निवृत्त होतोय. त्याला काय फरक पडतो?"

"पण त्यांनी तर काहीच..."

"त्याच्या पेन्शनचं मी बघतो. तुझं नाव वाचेल, कंपनीचं वाचेल, विहीरही वाचेल. म्हाताऱ्याला जास्तीत जास्त दोन ओळींचं पत्र जाईल. विचार कर."

आणि कबोनेसा नाही म्हणाली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोकांनी तिला फार थोर करून टाकलं. ती "विचार करते" म्हणाली आणि बाहेर पडली. पोटासाठी नोकरी करणारी माणसं आपण. असा सोपा रस्ता दिसला की पाय आपोआप तिकडे वळतो.

गुरुवारी सरोवराकाठच्या हॉटेलात बैठक भरली. बाहेर कचरापेटीवर मराबू पक्षी सरकारी बाबूंसारखे खांदे पाडून उभे होते. आत लंडनवाल्यांचा पेल्हम, उंच, सभ्य, थकलेला माणूस. मलेशियावाल्यांकडून अझलान आले होते, साठीचे, कमी बोलणारे, स्वतः जुने भूगर्भतज्ज्ञ. पेल्हमने तासभर चित्रं दाखवली आणि शेवटी म्हणाला, "थोडक्यात, काठावरची वाळू, पातळ थर, पुढे काही नाही. आम्ही जमीन परत करण्याचा प्रस्ताव मांडतो. मत घेण्याआधी कोणाला काही सांगायचंय?"

रुयोंगासाहेबांनी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघितलं. कबोनेसाने हात वर केला.

तिने भेगेचा फोटो पडद्यावर लावला. नऊ खोकी पालथी आहेत, सरळ केली की ही नदी होते, मोजणीही जुळते, हे तिने मोजक्या शब्दांत सांगितलं. अझलान खुर्चीत पुढे सरकले. पेल्हमचा चेहरा ताठ झाला.

"दोन वर्षांनी, मतदानाच्या दिवशी?" तो म्हणाला. "आणि ही खोकी पालथी झाली कुठे? तुमच्या सरकारी शेडमध्येच ना?"

रुयोंगासाहेबांनी हळूच तिच्याकडे बघितलं. नुसतं "हो" म्हटलं की काम फत्ते होतं. एवढासा शब्द, आणि तिची नोकरी, तिचं नाव, विहीर, सगळं वाचत होतं. कबोनेसाने तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर तो म्हातारा उभा राहिला, छाती काढून, "माझ्या शेडमध्ये?" म्हणत.

"नाही," ती म्हणाली. "शेडमध्ये काहीही झालेलं नाही. तिथे खोकी जशी आली तशीच आहेत. रेघा उलट्या ओढल्या गेल्या, विहिरीवर. त्या मी ओढल्या. हा फोटो बघा, ही मी, आणि हे वरचं टोक माझ्या पाठीमागे आहे."

"तुम्ही?" पेल्हमने चष्मा काढला. "पण विहिरीवर तर आमची माणसं होती."

"तेव्हा मी तुमचीच होते, साहेब. तीन आठवड्यांची."

पेल्हमने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्याने कोणाला बोलायचं, सांगा. मग तो म्हणाला, "एका भेगेवर कोणी विहीर खोदत नाही."

"बरोबर," अझलान उठून उभे राहिले. "म्हणून मला खडक बघायचाय. आत्ता."

शेड दहा मिनिटांवर. चौघेही एकाच गाडीतून गेले. अरालीने साहेबलोक बघितले आणि न विचारता नऊ खोकी टेबलावर मांडली, उलट्या क्रमाने, स्पंज फिरवून. दोन दिवस तो जणू हेच करायला थांबला होता. अझलाननी भिंग काढलं आणि एकेका तुकड्यावर वाकत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. पेल्हमही मागून गेला. काही म्हणा, त्यालाही खडक वाचता येत होता. वाटेत दोनदा तो थांबला आणि मान हलवत राहिला.

मग अझलान अरालीकडे वळले. "एकोणीस वर्षं तुम्ही हे बघताय. तुम्हाला काय वाटतं?"

अरालीने रुयोंगासाहेबांकडे बघितलं. साहेबांच्या कपाळावर घाम. ते म्हणाले, "बोला, अराली."

ऑफिसात त्यांनी त्याला आजवर तिबेंदेराना म्हणूनच पुकारलं होतं, तेही क्वचित.

"नदी आहे साहेब," अराली म्हणाला. "मासेमाराचा मुलगा आहे मी. काठाच्या वाळूत असले गोटे नसतात. लाटा त्यांना एवढ्या लांब आणतील कशाला? हे गोटे पाण्याने ढकलत आणलेत, वरून, डोंगराकडून. आणि हा चिखल नदीने सोडून दिलेल्या जागेचा. आमच्याकडे पावसाळ्यानंतर अगदी असंच दिसतं. कोणालाही विचारा." मग जरा थांबून त्याने पुस्ती जोडली, "शिक्षण मात्र सहावीपर्यंतच आहे हं."

अझलान हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच कोणीतरी हसलं.

हॉटेलात परतल्यावर पेल्हमने लंडनला फोन लावला आणि वीस मिनिटं बाहेर फेऱ्या मारत बोलला. आत आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. "माझ्या हातात असतं तर मी खोदलं असतं," तो म्हणाला. "पण लंडनचा निर्णय झालाय. आम्हाला जायचंय. जमीन परत करण्याच्या बाजूने, पन्नास टक्के."

"विरोधात, पस्तीस," अझलान म्हणाले.

आता सगळे रुयोंगासाहेबांकडे बघायला लागले. कबोनेसाचा जीव टांगणीला लागला. साहेबांनी ग्लासभर पाणी संपवलं, तोंड पुसलं, टाय सैल केला. अकरा वेळा पाठ झालेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं, बिचाऱ्यांना ते गिळायला फार कष्ट पडले.

"सहमत नाही," ते शेवटी म्हणाले. आवाज इतका बारीक की लिहून घेणाऱ्या बाईने पुन्हा विचारलं. तेव्हा ते जवळजवळ ओरडलेच, "सहमत नाही म्हटलं ना! लिहा. पंधरा टक्के, विरोधात!"

पासष्ट झाले नाहीत. जमीन परत करायचा प्रस्ताव पडला. करारात आणखी एक कलम होतं, आजवर कोणी न वाचलेलं. ज्यांना खोदायचंय त्यांनी स्वतःच्या जोखमीवर खोदावं; जे येणार नाहीत त्यांचा त्या विहिरीत वाटा नाही. अझलान आणि रुयोंगा, दोघांनी मिळून दुसरी विहीर घ्यायचं ठरवलं. काम मलेशियावाले बघणार, आणि सरकारी कंपनी पहिल्यांदाच फुकटची मान न डोलावता बरोबरीने हात लावणार. रस्त्याचं काम आधी सुरू करायचं, कारण विहीर खोदायची रिग काही खुर्चीत बसवून कड्यावरून उतरवता येत नाही. पेल्हमने सही केली, आणि जाताना कबोनेसाशी हात मिळवला. "नदीच निघो," म्हणाला. मनापासून म्हणाला असं मला वाटतं.

बाहेर पायऱ्यांवर रुयोंगासाहेबांनी तिला गाठलं.

"तुझ्या फाईलला लेखी ठपका लागणार. मी टाळणार नाही."

"टाळू नका, साहेब."

"आणि बुधवारी मी अरालीबद्दल जे बोललो..."

"बुधवारी तुम्ही जेवत होतात, साहेब. मला काही नीट ऐकूच आलं नाही."

साहेबांनी तिच्याकडे टक लावून बघितलं, हसू दाबलं आणि गाडीत जाऊन बसले.

चिठ्ठ्या बदलायच्या होत्या म्हणून कबोनेसा दुपारी पुन्हा शेडमध्ये गेली. तिथे अझलान आधीच येऊन बसले होते. कोट काढलेला, बाह्या वर केलेल्या, आणि अरालीने दिलेला दुधाचा चहा हातात.

"तुमचे आभार मानायचे राहिले," कबोनेसा म्हणाली. "दुसऱ्या कोणी माझ्या बोलण्यावर एवढा विश्वास ठेवला नसता. चुकणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं?"

"मी तुमचं बोलणं ऐकत नव्हतो," अझलान म्हणाले. "तुम्ही बोलाल की नाही, ते बघत होतो."

मग त्यांनी कप खाली ठेवला. "अशी पालथी नळी मी याआधी एक पाहिलीय. बावीस वर्षं झाली. दुसरा देश, दुसरे भागीदार. रेघा माझ्या. वर्षभरात चूक माझ्या लक्षात आली. तोवर भागीदार निघून गेले होते आणि मला बढती मिळाली होती."

"मग?"

"मग काही नाही. गप्प बसलो. आधी भीती वाटली, मग लाज, आणि मग इतकी वर्षं झाली की आता सांगून काय, असं वाटायला लागलं. ती जागा अजून कोणी खोदलेली नाही. तिथे काही असेलच असं नाही. पण कोणी बघितलंच नाही ना. आज तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा मला वाटलं, आता ही शेडचं नाव घेणार. मी असतो तर घेतलं असतं."

घेतलंच होतं हो, अगदी जिभेवर आलं होतं, असं सांगावं असं वाटलं कबोनेसाला, आणि तिने ते सांगूनही टाकलं.

अराली कोपऱ्यात चिठ्ठ्या चिकटवत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "साहेब, तुमची खोकी आहेत का अजून?"

"असतील कुठल्यातरी शेडमध्ये."

"मग ती पुसणाराही कोणी असेल. त्याला सगळं ठाऊक असणार. बावीस वर्षं कोणीतरी विचारायची वाट बघत असेल बिचारा."

अझलान त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"कागद आहे का?" त्यांनी विचारलं.

अरालीने टेबलावरची जागा मोकळी केली, कागद ठेवला, स्वतःची खुर्ची फडक्याने पुसून पुढे सरकवली. अझलाननी चष्मा लावला. सगळ्यात वर त्यांनी त्या विहिरीचं नाव लिहिलं. मग पेन थोडा वेळ हवेतच राहिलं. मग त्याखाली त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि पुढे लिहायला लागले.